बाळासाठी क्रोशाची टोपी

ताई, घरात बाळ येणार म्हटलं की आपल्या गटातल्या कितीतरी जणी क्रोशाची सुई हातात घेतात. मी बहिणीच्या बाळासाठी विणलेली पहिली टोपी मात्र नारळालाही सैल झाली! चूक मापात होती.

नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 34-35 सेंमी असतो. टोपी ताणते, म्हणून वरचा गोल 10 सेंमी रुंद पुरतो. चार साखळ्या जोडून गोल करा. पहिल्या फेरीत 12 खांब, मग 24, मग 36, असे दर फेरीला 12 वाढवा. गोल वाटीसारखा वळला तर खांब कमी पडलेत, झालर पडली तर जास्त झालेत. तेवढी फेरी उसवा, कंटाळू नका. 10 सेंमी झाले की वाढवणं बंद, कान झाकेपर्यंत सरळ खाली विणत जा.

दोरा मऊ सुती घ्या, जाडीभरडी लोकर टोचते. आणि मणी, टिकल्या, नाड्या नकोच. मणी सुटून बाळाच्या तोंडात जाऊ शकतो, नाडी गळ्याला आवळू शकते. आजी नाडीचा आग्रह धरतीलच. तेव्हा शेवटची फेरी मुक्या खांबांनी जरा घट्ट विणून दाखवा, टोपी नीट बसते. घालायच्या आधी एकदा धुऊन उन्हात वाळवा.