भांग, गांजा आणि छातीतली धडधड

समजा, धुळवडीची दुपार आहे. नवीन पनवेलमधला कॉलेजचा मुलगा मित्रांच्या आग्रहाखातर भांग घातलेल्या थंडाईचा ग्लास रिकामा करतो. अर्ध्या तासात काहीच जाणवत नाही, म्हणून दुसरा घेतो. तासाभराने छाती धडधडू लागते, तोंडाला कोरड पडते, हातापायांना मुंग्या येतात. ‘आता आपण मरणार’ या भीतीने तो थरथरू लागतो. घरचे त्याला दवाखान्यात नेतात. ईसीजी नॉर्मल येतो. मग हे झाले तरी काय?

भांग, गांजा आणि चरस एकाच झाडापासून मिळतात. त्यांतला नशा आणणारा मुख्य घटक म्हणजे टीएचसी. शरीर स्वतःही त्याच्यासारखे काम करणारे एक रसायन तयार करते. १९९२ मध्ये त्याचा शोध लागला, तेव्हा ‘आनंद’ या संस्कृत शब्दावरून त्याला ‘आनंदामाइड’ हे नाव मिळाले. टीएचसी मेंदूतल्या त्याच्याच जागा बळकावते. अशा जागा भीतीची जाणीव सांभाळणाऱ्या अमिग्डालातही असतात. थोड्या मात्रेने सैल वाटते, जास्त मात्रेने नेमके उलटे घडते. त्यात नाडीचे ठोके मिनिटाला २० ते ५० ने वाढू शकतात. या धडधडीलाच माणूस हार्ट अटॅक समजतो, घाबरतो आणि धडधड आणखी वाढते.

ओढलेल्या गांजाचा परिणाम काही मिनिटांत दिसतो. पोटात गेलेली भांग मात्र अर्धा ते दोन तास घेते आणि सहा-आठ तास टिकू शकते. म्हणूनच दुसरा ग्लास घात करतो. रोज ओढणाऱ्याने अचानक सोडले, तरी पहिल्या आठवड्यात अस्वस्थता, चिडचिड आणि निद्रानाश जाणवतो. ती उतरण्यासाठी पुन्हा ओढले की चक्र सुरूच राहते.

अशा वेळी त्या व्यक्तीला शांत, हवेशीर जागी बसवावे आणि एकटे सोडू नये. ‘नशा उतरली की हे थांबेल’ असा धीर द्यावा, सावकाश श्वास सोडायला सांगावे. गाडी चालवू देऊ नये, वर दारूही देऊ नये. छातीत दुखणे, बेशुद्धी, फिट किंवा भास होत असतील तर १०८ ला फोन करावा. तरुण वय आहे म्हणून छातीचे दुखणे अंगावर काढू नये. घरात कुणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल, तर या नशेपासून लांबच राहावे.

खरी अडचण पुढेच येते. पोलिसांच्या आणि आईवडिलांच्या भीतीने मुलगा डॉक्टरांपासून गांजाची गोष्ट लपवतो. मग तपासण्यांवर पैसे जातात, कुणी बाहेरची बाधा समजून अंगारा लावतो आणि मूळ कारण तसेच राहते. गांजाचे सेवन हा गुन्हा आहेच. पण स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूदही अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये आहे. मनाच्या त्रासासाठी टेलि-मानसचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हे मोफत क्रमांक आहेत. ‘काय घेतलं होतंस?’ हा प्रश्न घरात न ओरडता विचारला गेला, तर उत्तर खरे मिळण्याची शक्यता वाढते. उपचारांची सुरुवात तिथूनच होते.