पंख सारखेच, मग पतंग ओळखायचा कसा?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, सोयाबीनच्या पानांची चाळणी करणारी 'तंबाखूवरील पाने खाणारी अळी' तुम्ही पाहिली असेलच. तिचाच पुढे पतंग होतो. पुढचे पंख तपकिरी, त्यावर फिकट रेषांची जाळी, मागचे पंख पांढरट. शास्त्रीय नाव स्पोडोप्टेरा लिट्युरा.

आता गंमत बघा. इजिप्तमध्ये कापसावर अगदी असाच पतंग सापडतो, स्पोडोप्टेरा लिटोरॅलिस. लिट्युराचं नामकरण १७७५ मध्ये झालं, लिटोरॅलिसचं १८३३ मध्ये. तरीही नंतर अनेक अभ्यासक दोघांना एकच समजत राहिले! आपला पतंग आशियातला, दुसरा आफ्रिका आणि भूमध्य समुद्राकाठचा. म्हणून परदेशातून आलेल्या रोपांवर पतंग सापडला, तर तो नेमका कोणता हे तपासणाऱ्याला कळायलाच हवं.

पंखांवर भरवसा ठेवता येत नाही. एकाच जातीत रंग कमी-जास्त असतो, आणि सापळ्यात फडफडून पंखांवरचे खवले झडतात (मुलांच्या बोटांना लागते ना, तीच 'पावडर'). कामगंध सापळ्याचाही उपयोग नाही, कारण दोन्ही जातींच्या गंधातला मुख्य घटक एकच आहे.

मग तज्ज्ञ पोटाचं टोक बघतात. मेलेल्या पतंगाचं पोट वेगळं करून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवतात. मऊ भाग विरघळतो, कायटीनचे कडक भाग उरतात. ते ब्रशने साफ करून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. हे असतात प्रजननाचे अवयव. मादीमध्ये एक द्वार आणि तिथून आत जाणारी नळी दिसते. लिटोरॅलिसमध्ये या दोन्हींची लांबी सारखी असते, लिट्युरामध्ये वेगवेगळी. नरामध्ये अवयवाला आधार देणारी एक छोटी पट्टी असते, तिचा आकार दोन्ही जातींत वेगळा. झालं, ओळख पटली!

वर्गात हे सांगताना संकोच वाटत असेल, तर 'पोटाच्या टोकाचे कडक भाग' एवढं म्हटलं तरी चालतं. मात्र 'रंग पाहून कीटक ओळखा' असा तक्ता लावताना जरा थांबा. रंगावरून फार तर अंदाज बांधता येतो. त्यापेक्षा रात्री दिव्याखाली पांढरा कपडा टांगा, आलेल्या पतंगांचे फोटो काढा आणि मुलांना विचारा, 'हे दोघे एकाच जातीचे कशावरून?' उत्तरं ऐकण्यासारखी असतात!