भिंतीवरचा नेचा

तंजावूरच्या बृहदीश्वर मंदिरात गेलेला मराठी प्रवासी तेथील शिलालेखापाशी थांबल्याशिवाय राहत नाही. दुसऱ्या सरफोजी महाराजांनी १८०३ साली भोसले वंशाचा इतिहास तेथे मराठीत कोरविला आहे. कातळावरची ती अक्षरे वाचून पावले राजवाड्याकडे वळतात. नायकांनी बांधलेला आणि मराठ्यांनी वाढविलेला हा वाडा. या मुलखातील अशा जुन्या चुनेगच्ची भिंतींच्या फटींतून आणि विहिरींच्या कडांतून एक हिरवी वनस्पती मान बाहेर काढते. तिला फूल नाही, फळ नाही, बीही नाही. हा नेचा होय. शास्त्रज्ञ त्याला ‘टेरिस व्हिटाटा’ म्हणतात. लिनियसने १७५३ साली हे नाव दिले.

नेचे म्हटले की सह्याद्रीच्या ओल्या दऱ्या आठवतात. मग कावेरीकाठच्या या उष्ण, सपाट प्रदेशात हा कसा तगतो? त्याला चुना मानवतो, हे त्याचे उत्तर. त्याच्या लांबट पानाला दोन्ही बाजूंनी फितीसारख्या अरुंद पर्णिका असतात आणि टोकाची पर्णिका बहुधा सर्वांत लांब असते. पर्णिकांच्या दुमडलेल्या कडेखाली बीजाणूंची तपकिरी रेघ दिसते. हे बीजाणू वाऱ्याने उडतात. परंतु पुढे नर-पेशीला स्त्री-पेशीपर्यंत पोहत जावे लागते आणि त्यासाठी पाण्याचा पातळ थर लागतो. म्हणून जेथे हा नेचा फोफावला, तेथे भिंतीत ओल आहे असे समजावे. नुसता उपटून भागत नाही. आधी पाणी कोठून मुरते ते शोधावे आणि फटी चुन्यानेच बुजवाव्यात. सिमेंटच्या लेपाने ओल आतच कोंडते.

आशिया, आफ्रिका, दक्षिण युरोप व ऑस्ट्रेलिया येथे पसरलेल्या या सामान्य नेच्याचा मोठा गुण मात्र २००१ साली उजेडात आला. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात लाकूड टिकविण्याच्या रसायनांनी दूषित झालेल्या जमिनीवर तो जोमाने वाढत होता. तपासणीत त्याच्या पानांत सोमल, म्हणजे आर्सेनिक, भरपूर सापडला. प्रयोगांत हे प्रमाण वाळलेल्या पानांच्या वजनाच्या दोन टक्क्यांहूनही अधिक भरले. सोमलाचे एक रूप फॉस्फेटसारखे असते. मुळे ते फॉस्फेटच्याच वाटेने आत घेतात, आणि पानांच्या पेशींतील पोकळ्यांत ते विष कोंडले जाते. त्यामुळे झाड मरत नाही, उलट पाने खाणारे किडे दूर राहतात.

बंगालमध्ये असंख्य कुटुंबांना कूपनलिकांच्या पाण्यातील सोमलाचा त्रास भोगावा लागला आहे. म्हणूनच माती व पाणी शुद्ध करण्यासाठी या नेच्यावर ठिकठिकाणी प्रयोग झाले. तथापि विष नाहीसे होत नाही. ते केवळ मातीतून पानात येते. कापलेली पाने उघड्यावर टाकली किंवा जाळली, तर केलेले काम वाया जाते. दूषित जागेवरचा नेचा गुरांच्या तोंडी लागू देऊ नये आणि मुलांनाही चाखू देऊ नये.

सरफोजी महाराजांना वनस्पतींची आवड होती. त्यांनी झाडापाखरांची चित्रे काढवून घेतली. पुढे तंजावूरला जाल तेव्हा शिलालेख अवश्य वाचा. आणि जुन्या भिंतीच्या फटीत ही हिरवी फीत दिसली, तर तिच्यापाशीही क्षणभर थांबा.