दगडमातीखालचा बर्फ

हिमालयातील अनेक मोठ्या हिमनद्यांचा खालचा भाग पांढरा दिसत नाही. गंगोत्री हिमनदी सुमारे ३० किलोमीटर लांब आहे. पण गोमुख या तिच्या मुखापासून, म्हणजे खालच्या टोकापासून, वर निघाले की बरेच अंतर दगड, खडी आणि मातीच दिसते. बर्फ असतो तो त्याखाली. दोन्ही बाजूंच्या कड्यांवरून दरडी कोसळतात. वरच्या भागात पडलेले दगड नव्या बर्फाखाली गाडले जातात, प्रवाहाबरोबर खाली सरकतात आणि सखल भागात वरचा बर्फ वितळला की उघडे पडतात. त्यामुळे हा थर मुखाकडे जाड होत जातो.

या थराचा बर्फावर होणारा परिणाम त्याच्या जाडीवर ठरतो. ताजे हिम बहुतेक सूर्यप्रकाश परतवून लावते. धूळ किंवा बारीक खडी गडद असल्याने तो शोषून घेते. थर विरळ असेल तर ही उष्णता लगेच बर्फापर्यंत पोचते आणि तो उघड्या बर्फापेक्षा लवकर वितळतो. थर काही सेंटिमीटरपेक्षा जाड झाला की उलट घडते. दिवसा वरचे दगड चांगलेच तापतात, पण ती उष्णता खाली झिरपण्याआधी रात्र होते आणि बरीचशी हवेत परत जाते. बर्फाच्या लादीवर टाकलेला लाकडाचा भुसा हेच काम करतो. हिमनदी संशोधक गुन्नार ऑस्ट्रेम यांनी स्वीडनमधील एका हिमनदीवर मोजमापे घेऊन जाडी आणि वितळण्याचा हा संबंध १९५९मध्ये मांडला.

दोन्ही परिणाम एकाच हिमनदीवर शेजारी शेजारी पाहायला मिळतात. लहानसा काळा खडा तापून बर्फात रुततो, त्याच्याभोवती पाण्याने भरलेले छिद्र तयार होते. मोठी सपाट शिळा मात्र आपल्याखालचा बर्फ झाकून ठेवते. आजूबाजूचा बर्फ वितळून पातळी खाली गेली की ती बर्फाच्या खांबावर टेबलासारखी उभी राहते. पुढे ऊन लागणाऱ्या बाजूने खांब झिजतो, शिळा कलते आणि घसरून पडते.

एवढे संरक्षण असूनही दगडांनी झाकलेल्या हिमालयीन हिमनद्या पातळ होत आहेत. अनेक ठिकाणी त्यांचा पातळ होण्याचा वेग उघड्या हिमनद्यांच्या जवळपास आहे. याची दोन कारणे सांगितली जातात. एक म्हणजे थर सलग नसतो. मधूनमधून बर्फाचे उभे कडे उघडे पडतात आणि तळी साचतात. कड्यावर दगड टिकत नाहीत, तळ्यातले पाणी काठ पोखरते, आणि अशा जागी बर्फ झपाट्याने जातो. दुसरे कारण म्हणजे वरून येणारा बर्फच कमी झाला आहे, त्यामुळे खालची झीज भरून निघत नाही.

म्हणून मुख किती मागे हटले एवढ्यावरून अशा हिमनदीची प्रकृती कळत नाही. मुख जागच्या जागी असते आणि हिमनदी आतून खंगत असते. तिच्यावरची तळी एकमेकांना मिळून मोठे सरोवरही बनू शकते. नेपाळमधील इम्जा सरोवर असेच गेल्या शतकाच्या उत्तरार्धात वाढले. ते फुटून खालच्या गावांना पुराचा धोका होऊ नये म्हणून २०१६मध्ये कालवा काढून त्याची पातळी ३ मीटरहून अधिक उतरवावी लागली.