मर रोगाला अटकाव करणारा हरभरा आपल्याच कलबुर्गीतून

बिदर, भालकी, औराद काय किंवा पलीकडचे उदगीर, निलंगा काय, काळ्या रानातला हरभरा सगळीकडे सारखाच जगतो. पेरला की पुढे पाऊस नाही, जमिनीत मुरलेली ओल हाच आधार. आणि घात करणारा रोगही सारखाच. बघता बघता झाड मान टाकते. मर लागली, असे शेतकरी सांगतो.

मर रोगाची बुरशी जमिनीत पाच-सहा वर्षे तग धरते, बियाण्यातूनही पसरते. झाडाची पाणी वाहणारी नळीच ती बंद करते. एकदा झाड बसले की फवारणीचा उपयोग नाही. म्हणून झाडातच प्रतिकारशक्ती हवी.

कर्नाटकात जुना लाडका वाण 'अण्णिगेरी-१'. नाव धारवाड जिल्ह्यातल्या अण्णिगेरी गावावरून. दाणा चांगला, रानाला मानवलेला, पण मर रोगापुढे कमजोर. उलट 'डब्ल्यूआर ३१५' नावाच्या वाणात रोगाला तोंड देणारा गुण पक्का, पण शेतकऱ्याच्या पसंतीचा तो नाही. रायचूर कृषी विद्यापीठाच्या कलबुर्गी केंद्राने पटनचेरूच्या इक्रिसॅटबरोबर या दोघांचा संकर केला.

पहिल्या संकरात दोन्हींचे गुण निम्मे निम्मे येतात. ते नको असते, हवा असतो फक्त रोगाचा गुण. म्हणून त्या रोपाचा संकर पुन्हा अण्णिगेरीशीच, मग आणखी एकदा, असे करत जातात. दर खेपेला परका वाटा निम्म्याने घटतो. पूर्वी कोणत्या रोपात गुण उतरला हे कळायला रोगट जमिनीत पेरून वाट पाहावी लागे. आता कोवळ्या रोपाच्या पानातला डीएनए तपासला की कळते. ही जनुकबदल केलेली जीएम जात नव्हे, हे लक्षात घ्या. हरभऱ्याचा हरभऱ्याशीच संकर आहे.

त्यातून 'सुपर अण्णिगेरी-१' आला. 2019 मध्ये कर्नाटक, महाराष्ट्र, आंध्र प्रदेश आणि गुजरातसाठी त्याची निवड झाली. चाचण्यांत सरासरी उत्पादन हेक्टरी 1,898 किलो, म्हणजे एकरी साडेसात क्विंटलच्या वर. जुन्या अण्णिगेरीपेक्षा 7 टक्के जास्त. 95 ते 110 दिवसांत तयार. हे चाचणीतले आकडे आहेत. आपल्या रानात ओल किती, यावर ते खाली-वर होणारच.

दुष्काळ सोसण्याचा गुण मात्र असा एका फटक्यात देता येत नाही. तो एका जनुकाचा खेळ नाही. 'आयसीसी 4958' या वाणाची मुळे खोल जातात. त्याच्या गुणसूत्रावरचा एक तुकडा मुळांशी आणि दुष्काळाशी जोडलेला सापडला. तो घालून दिल्लीच्या संस्थेने 'पुसा चना 10216' तयार केला. त्याचीही निवड 2019 मध्येच झाली. ओल कमी पडल्यावर मूळच्या 'पुसा 372' पेक्षा सुमारे 12 टक्के जास्त उतारा मिळाला. त्याच्या शिफारशीत महाराष्ट्र आहे, कर्नाटक नाही. शिवाय भारी रानात खोल ओल असते, म्हणून खोल मुळाला अर्थ. मुरमाड रानात मूळ जाणार कुठं? तिथे लवकर निघणारा वाण बरा.

आता एक गफलत. वाळलेले प्रत्येक झाड मर रोगाचे नसते. घाटे भरताना ऊन वाढले, ओल संपली की कोरडी मूळकूज येते. ती बुरशी वेगळी. मर रोगाचा गुण तिला अडवत नाही. झाड उपटून बघा: खोड उभे चिरल्यावर आत तपकिरी-काळी रेघ दिसली तर मर. सोटमूळ काळे, ठिसूळ, बारीक मुळे गळून गेलेली, तर मूळकूज. हे न बघता "नवे बियाणेच खोटे" म्हणणे दुकानदारावरही अन्याय, वाणावरही.

हरभऱ्याच्या फुलात परागीकरण आतल्या आत होते, त्यामुळे घरचे बी ठेवता येते. पण मर लागलेल्या रानातले नको. पेरताना बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळा, आणि त्याच रानात दरवर्षी हरभऱ्यावर हरभरा घेऊ नका. नव्या वाणालाही रोगट रानात एकटे सोडता येत नाही.