संगणकाचा उष्मा व जादा पंखे

आपल्या संघातील बहुतेक सभासदांचे हिशेब आता वहीतून निघून संगणकात जाऊन बसले आहेत. वही तापत नसे. संगणक तापतो, आणि नेमका गर्दीच्या दिवशी तापतो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात, जीएसटीचे विवरणपत्र भरण्याच्या अखेरच्या दिवशी, आमच्या पेढीवरील संगणक दोन तासांत चार वेळा आपोआप बंद पडला. दुरुस्तीस आलेल्या गृहस्थांनी रंगीत दिव्यांचे तीन पंखे आणून मदरबोर्डवरील एकाच हेडरला जोडून दिले. पंधरवड्यात ते हेडर जळाले. हिशेब सुदैवाने वाचले, पण मदरबोर्ड बदलावा लागला. त्या निमित्ताने आम्ही जे शिकलो ते सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

प्रोसेसर जेवढी वीज घेतो तेवढी बहुतेक सर्व उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो. त्याचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या घरात गेले की तो आपला वेग स्वतःच कमी करतो, आणि तरीही निभाव न लागल्यास यंत्र बंद पडते. हा बिघाड नव्हे, स्वसंरक्षण होय. कॅबिनेटचा पंखा थंडावा निर्माण करीत नाही; तो केवळ आतील तापलेली हवा काढून बाहेरची आत घेतो. खोलीत ४२ अंश असतील तर पेटीतील हवा त्याखाली जाणे नाही. पुष्कळ दुकानांत ही पेटी टेबलाखालील बंद लाकडी खणात ठेवलेली असते. तेथे दहा पंखे लावले तरी तीच गरम हवा फिरत राहील! तेव्हा खर्च करण्यापूर्वी खणाची पाठ उघडावी व जाळ्यांवरील धूळ झाडावी. धूळ उडविताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. कित्येकांचे काम एवढ्यानेच भागेल.

तरीही पंखा हवाच असेल, तर पुढून हवा आत व मागून किंवा वरून बाहेर, असा मार्ग ठेवावा. ज्या बाजूस मोटार धरणाऱ्या पट्ट्या दिसतात त्या बाजूने हवा बाहेर पडते. सामान्यतः १२० मिलीमीटरचा पंखा बसतो. जागा असल्यास १४० चा घ्यावा, कारण मोठा पंखा सावकाश फिरूनही तेवढीच हवा हलवितो व आवाज कमी करतो.

आता विजेचा प्रश्न, ज्याकडे आमचे दुर्लक्ष झाले. हे पंखे १२ व्होल्टवर चालतात. तीन पिनांच्या पंख्यात एक तार ऋण, दुसरी १२ व्होल्टची, तिसरी फेऱ्यांची वर्दी देणारी. चार पिनांच्या पंख्यास चौथ्या तारेने वेगाची आज्ञा मिळते. बहुतेक मदरबोर्डांवर एका हेडरची मर्यादा १ अँपिअर असते. नक्की आकडा यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत पाहावा. पंख्याचा प्रवाह त्याच्या पाठीवरील चिठ्ठीवर छापलेला असतो. साधा पंखा बहुधा ०.१५ ते ०.२५ अँपिअर घेतो. आमचे दिव्यांचे पंखे प्रत्येकी ०.४० चे होते. तिन्हींची बेरीज १.२०! गल्ल्यातील बेरजेत पै चुकू न देणाऱ्या आम्हांस ही बेरीज सुचली नाही.

बेरीज मर्यादेपलीकडे जात असेल तर वीज थेट एसएमपीएसकडून घ्यावी. त्याकरिता हब मिळतो. त्यास वीज एसएमपीएसच्या साटा तारेवरून येते आणि मदरबोर्डकडून फक्त वेगाची आज्ञा येते. फेऱ्यांची वर्दी मात्र एकाच पंख्याची जाते. बाकीचे फिरतात की नाही हे अधूनमधून डोळ्यांनी पाहावे लागते. जुन्या मोलेक्स जोडात पिवळी तार १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची व दोन काळ्या ऋण असतात. त्यावर लावलेला पंखा सदैव पूर्ण वेगाने चालतो. पिवळी व लाल यांच्यामध्ये पंखा जोडून तो ७ व्होल्टवर मंद चालविण्याची युक्ती काहीजण सांगतात. हिशेबाच्या यंत्रावर ती आम्ही करणार नाही. प्रोसेसरच्या स्वतःच्या पंख्याचे हेडर मात्र रिकामे ठेवू नये. पुष्कळ यंत्रे त्यावाचून सुरूच होत नाहीत. आणि हे सर्व काम यूपीएस बंद करून, प्लग काढूनच करावयाचे.

आमच्या संगणकास आता पुढे एक व मागे एक असे दोनच साधे पंखे आहेत, आणि त्याची पेटी खणाबाहेर आली आहे. रंगीत दिव्यांचे तिन्ही पंखे कपाटात पडून आहेत; दुकानदार ते परत घेण्यास तयार नाही.