बहांदरी : अरब गेले, हमी राहिली

मांडवीच्या फेरीत एका तरुण मित्राने विचारलं, "1802 साली अरबांना शहराबाहेर काढलं, म्हणजे तेव्हापासून बडोद्यात कायद्याचं राज्य आलं ना?" मी 'हो' म्हणून मोकळा झालो. घरी आल्यावर ते 'हो' डाचत राहिलं, म्हणून हे टिपण.

गायकवाडांच्या पदरी अरबांची शिबंदी होती. शहराचे दरवाजे त्यांच्या ताब्यात असत. पण बंदुकीइतकाच त्यांचा शब्दही चाले. सावकार सरकारला कर्ज देई, किंवा एखादा माणूस जिवाच्या भीतीने दरबारात यायला कचरे. अशा वेळी अरब जमादार मध्ये पडून हमी घेई : सरकारने शब्द मोडला, तर गाठ माझ्याशी. हीच बहांदरी. (आपल्या गुजराती शेजाऱ्यांचं 'बांहेधरीपत्र' आजही कचेरीत चालतं, तो शब्द याच घरातला.) सरकारविरुद्ध दाद मागायला अदालत नव्हती. राजाला करार पाळायला लावणार कोण, तर त्याचीच फौज, आणि तीही पगार थकलेली!

आनंदराव महाराजांच्या काळात दिवाण रावजी आप्पाजी आणि कंपनीचा मेजर वॉकर यांनी शिबंदी कमी करायचं ठरवलं. अरब अडून बसले, खुद्द महाराजांना त्यांनी अडकवून ठेवलं. डिसेंबर 1802 मध्ये कंपनीच्या फौजेने शहराला वेढा घातला आणि सुमारे दहा दिवसांत अरब शरण आले. थकबाकीचे साधारण साडेसतरा लाख रुपये चुकते करायचे ठरले. इथवरची गोष्ट सगळे सांगतात. तहातली पुढची बाब मात्र सहसा कोणी सांगत नाही : अरबांनी दिलेल्या बहांदऱ्या कंपनीने आपल्या शिरावर घेतल्या.

दुसरं करणार तरी काय? त्या शब्दांवर लोकांचा पैसा आणि जीव टांगलेला होता. फौज मोडली, पण तिचं न्यायाचं काम उचलायला दुसरं कोणी उभं केलेलं नव्हतं. जमादाराच्या जागी रेसिडेंट आला, एवढंच.

त्याचे चटके दुसऱ्या सयाजीरावांना बसले. कंपनीच्या हमीतल्या माणसाला हात लावायची त्यांना सोय नव्हती. सावकारांच्या हमीच्या कर्जापायी 1828 मध्ये कंपनीने त्यांचे महाल जप्त केले. ते 1832 मध्ये परत मिळाले. रेसिडेन्सीत वशिला आणि लाच इतकी बोकाळली, की औट्रमने तिच्यावर अहवाल लिहिला आणि आपला 'खटपट' हा शब्द इंग्रजी कागदांत जाऊन बसला. अहवाल लिहिणाऱ्या औट्रमलाच 1851 मध्ये बडोदं सोडावं लागलं!

1875 मध्ये मल्हाररावांना पदच्युत केल्यावर दिवाण सर टी. माधवराव आले. त्यांनी वसुलीची इजारा पद्धत बंद केली, वरिष्ठ कोर्ट आणि त्याखालची न्यायालयं बसवली, पोलिसांचं स्वतंत्र खातं केलं. पोलीस आणि कोर्ट दोन्ही एकाच वेळी उभी राहिली, ही त्यातली गोम.

तेव्हा त्या मित्राला माझं दुरुस्त उत्तर : 1802 नव्हे, 1875 पासून पुढे. आणि तेव्हासुद्धा रेसिडेन्सीच्या फाटकापर्यंतच.